वरच्या खाचराचे पाणी

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास गावच्या तळीवर हिरवा तवंग धरतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात, त्याला आपल्या भाताचा युरिया कारण आहे काय, असे तू विचारले आहेस. बऱ्याच अंशी होय. गोठ्यांचे सांडपाणीही तिथेच उतरते, हे मात्र विसरू नकोस. खतावर शेवाळ पोसते, रात्री तेच पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे गुदमरतात. पण म्हणून यंदा खतच टाकायचे नाही, हा तुझा बेत मला पटत नाही.

युरियात 46 टक्के नत्र असते आणि तो पाण्यात चटकन विरघळतो. मातीत त्याचे अमोनियम होईपर्यंत मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे भरल्या खाचरात फेकून दिलेला युरिया दुसऱ्या दिवशीच्या सरीबरोबर बांधावरून निघून जातो. जे उरते त्यातले काही अमोनिया होऊन हवेत उडते. खतातल्या स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, चाल वेगळी आहे. तो मातीला चिकटतो, म्हणून चिखलणीनंतर लगेच सोडलेल्या गढूळ पाण्याबरोबर वाहतो आणि तळीच्या गाळात साठून राहतो. जुलैत वहाळ दुथडी भरून वाहतो, तेव्हा कोणाला काही दिसत नाही. पाऊस ओसरून पाणी थांबले की ते दिसू लागते.

आपली खाचरे उतरणीवर एकाखाली एक असल्याने तुझे पाणी खालच्या वाटेकऱ्याच्या शेतात जाते, तिथून वहाळाने तळीत आणि पुढे खाडीला मिळते. तुझी शेते सर्वांत वरची आहेत, म्हणून हे तुलाच लिहितो. चिखलणीनंतर गाळ खाली बसेपर्यंत बांधाचे तोंड उघडू नकोस, आणि जोराच्या पावसाची चिन्हे असतील त्या दिवशी खताला हात लावू नकोस.

त्याहून मोठा फरक गोळी खताने पडेल. चारसूत्री लागवड म्हणजे चार नियमांवर बेतलेली भातलावणीची पद्धत. तीत रोपे 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरांवर लावतात आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया आणि डीएपी या स्फुरदयुक्त खताची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. तिथे प्राणवायू नसल्याने अमोनियमचे पाण्याबरोबर निसटणारे नायट्रेट होत नाही, आणि वरच्या पाण्यात खत जवळजवळ येतच नाही. हिशेब केलास तर गुंठ्याला सुमारे 630 गोळ्या, म्हणजे 1.7 किलो खत लागते. गिरिपुष्पाचा पाला आणि भाताच्या तुसाची राख हीसुद्धा त्याच पद्धतीतली सूत्रे आहेत, आणि ती फुकट मिळतात.

अडचण आहे ती कंबरेची. ओणव्याने एकेक गोळी खोचायला माणसे मिळत नाहीत, आणि अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की वाहून गेलेल्या मुठीची कोणालाच हळहळ वाटत नाही. मला तर वाटते, या मजुरीला अनुदान असते तर आपली तळी केव्हाच निवळली असती. पण तुझी शेती वीस गुंठ्यांची. घरची चार माणसे लावणीच्या मागोमाग चालली तर काम उरकेल. दोरीवर आधी खुणा बांधून ठेव, आणि गोळ्यांची चौकशी जूनच्या आधीच कर, कारण ऐन लावणीत त्या मिळतीलच असे नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद