आधी टायर, मग लोखंड

महोदय,

छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली, की महिन्याभरात तिच्यावर लोखंड चढू लागते. पुढे जाड बंपर, त्यावर विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), छतावर कॅरियर आणि कॅरियरवर दिव्यांची पट्टी. हौसेला मोल नसते हे मान्य. परंतु या गाड्यांचे बळ ज्या एका गोष्टीत आहे, तीच या हौसेपायी जाते, म्हणून हे पत्र.

१९७० साली आलेल्या पहिल्या सुझुकी जिम्नीपासून या वर्गातील गाड्यांचे भांडवल म्हणजे कमी वजन. दोन टनांची गाडी जिथे रुतून बसते, तिथून अकराशे-बाराशे किलोची गाडी अलगद निघून जाते. मात्र माणसे आणि सामान मिळून अशा गाडीने वाहायचा भार बहुधा साडेतीनशे किलोच्या आसपासच असतो. चार प्रौढ माणसे बसली की त्यातले २८० किलो संपले. उरलेल्या सत्तर किलोंत पोलादी बंपर आणि विंच बसवल्यावर तंबू आणि पाणी कशाच्या हिशेबात धरायचे? छताची मर्यादा त्याहून कडक. ती वाहनपुस्तिकेत छापलेली असते आणि तिच्यात कॅरियरचे स्वतःचे वजनही धरावे लागते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

पहिला खर्च टायरवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोल खाचांचे मड-टेरेन टायर दिसायला रुबाबदार असले, तरी डांबरी रस्त्यावर ते घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेतात. ज्याची गाडी महिन्यातून एक-दोनदाच चिखलात जाते, त्याला डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायरच योग्य. त्यातही जड गाड्यांसाठी बनवलेले जाड बाजूंचे ‘एलटी’ टायर हलक्या गाडीखाली नीट दबत नाहीत, त्यामुळे गाडी उडते आणि पकडही कमी मिळते. जाड म्हणजे मजबूत, हा हिशेब इथे चुकतो.

मापाच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मूळच्या १९५/८० आर १५ टायरच्या जागी मी २३५/७५ आर १५ चढवले (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत). व्यास ६९३ मिलिमीटरवरून सुमारे ७३३ झाला. पण गाडी जमिनीपासून उचलली गेली ती वाढीच्या निम्मी, म्हणजे केवळ २० मिलिमीटर. टायरच्या मापाच्या हिशेबाने वेगमापक जिथे १०० दाखवायचा, तिथे गाडी आता जवळपास १०६ च्या वेगाने धावणार, आणि चढणीवर लहान इंजिनाचा जीव मेटाकुटीला येणार, तो आलाच. सामान भरून स्टीअरिंग पूर्ण वळवले, की चाकाजवळून खर्र असा आवाज येई. गुडघे टेकून हात आत घातला, तेव्हा प्लास्टिकच्या अस्तरावर बोटभर रुंद, घासून चकचकीत झालेली पट्टी लागली. आता २१५/७५ आर १५ आहेत. व्यासात जेमतेम दीड टक्क्याचा फरक, आणि घासणे बंद.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडेही वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसलेल्या, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या पार्ट-टाइम गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असणे आवश्यक आहे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये गिअरयंत्रणेवर ताण साचत जातो.

टायरनंतर हवेचा भरवशाचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर. वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली, की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, वजन पसरते आणि मघाशी खड्डा खणत बसलेले चाक बाहेर चढते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यासाठी विंच लागली नव्हती. मात्र हवा पुन्हा भरल्याशिवाय वेगाने रस्त्यावर जाऊ नये, म्हणूनच कॉम्प्रेसर.

तिसरा खर्च चासीला पक्के बसवलेल्या, भारक्षमता नोंदवलेल्या हुकांवर. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे बसवलेल्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी ओढणे जिवावर बेतू शकते; तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. स्नॉर्केलविषयी एवढेच, की ते इंजिनाच्या हवेची वाट उंच करते. ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या बारीक नळ्या) खालीच राहिल्या, तर पाणी तिथून शिरतेच. त्या नळ्या वर नेण्याचे काम स्वस्त आहे, पण मिरवता येत नाही.

राहिली स्टेपनी. ती मागच्या दारावर असेल, तर मोठ्या टायरचा भार बिजागऱ्यांवर येतो. नवी अलॉय चाके बसवल्यावर घरीच एकदा जॅक लावून चाक उतरवून पाहावे. माझा मूळ पाना नव्या चाकांच्या नटांच्या भोकात शिरतच नव्हता, आणि हे मला टायर पंक्चर झाल्यावर, भर पावसात कळले.

– एक वाचक