कामाचाही तपशील हवा

नव्वदी ओलांडून निधन पावलेल्या एका कष्टाळू, स्वावलंबी आजींवरील स्मरणलेख रविवारच्या अंकात वाचला. लेख जिव्हाळ्याचा आहे. पण ‘त्या अखेरपर्यंत कुणावर ओझे झाल्या नाहीत’ हे वाक्य खटकले. पुरुषावरील मृत्युलेखात हे कौतुक सहसा नसते. तिथे त्याने काय केले ते येते. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर आजींनी शिवणकामावर घर चालवले, हे मात्र एका ओळीत उरकले आहे. किती वर्षे, दिवसाचे किती तास, त्या पैशांतून काय उभे राहिले? वाचायचे होते ते हेच!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, जगात घरकाम व संगोपनाच्या बिनपगारी कामाचे ७६.२ टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. ज्याला पगार नाही, त्याची नोंदही राहत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १८५१ पासूनच्या आपल्या मृत्युलेखांत स्त्रिया फार कमी असल्याचे मान्य करून २०१८ मध्ये राहून गेलेल्यांवर लिहायला घेतले. आपणही अशा लेखांसाठी घरच्यांकडून कामाचा तपशील मागवावा. ‘प्रेमळ’, ‘सोशिक’ ही विशेषणे काय, कोणालाही लावता येतात.

– एक वाचक