किल्ली देण्याआधी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

वरच्या मजल्यासाठी विद्यापीठात नोकरी करणारं जोडपं बघून गेलं, माणसं चांगली वाटली, असं आई फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं. पण बाबा, या वेळी नुसती नोटरी करून किल्ली देऊ नका.

मागचा करार मी गणपतीत आले तेव्हा वाचला. स्टँपवर दीड पान, तेही कुठल्या तरी दुकानाच्या करारावरून उतरवलेलं. आपल्या घराला त्यात ‘सदर गाळा’ म्हटलंय! डिपॉझिट कधी परत करायचं, लाइट बिल कुणी भरायचं, एक ओळ नाही. मुदत संपल्यावर त्या माणसानं चार महिने जागा सोडली नाही आणि तुम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचं सोडून संध्याकाळभर जिन्याकडं बघत बसायचात. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तसं नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरू द्यायचा करार, नोंदवला आणि मुदतीनंतरही जागा अडवली, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.

खर्च म्हणाल तर मुद्रांक भाडं-डिपॉझिटच्या हिशोबानं शेकडा 25 पैसे, शहरात नोंदणी फी 1000 रुपये. चार महिन्यांच्या त्या मनस्तापापुढं हे काहीच नाही.

मंगळवार पेठेत तुम्ही आयुष्यभर शब्दावर व्यवहार केलात, मला त्याचा अभिमान आहे. पण लिहून ठेवलं तर त्या जोडप्याचंही डिपॉझिट सुरक्षित राहतं. पंखे, गिझर, नळ यांची यादी आणि फोटोही जोडूया. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही देऊ.

आई, घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून नोंदणीच्या वेळी तुझाही अंगठा मशीनवर लागेल. रेशन दुकानात तो तीन-तीनदा पुसून लावावा लागतो ना? भांडी घासून रेषाच झिजल्यात तुझ्या. आधार केंद्रात जाऊन ठसे आधीच नव्यानं देऊन ये.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघते. मसुदा घेऊन येईन, आपण तिघं बसून वाचू. तोवर किल्ली देवघरातल्या डब्यातच राहू दे.

तुमची,
लेक