‘डेरोगेटरी’ आणि बदनामी

महोदय,

सोसायट्यांच्या इतिवृत्तांत आणि वकिली नोटिशींत ‘डेरोगेटरी’ हा शब्द हल्ली सर्रास आढळतो. मात्र तो अनेकदा ‘डिफेमेटरी’च्या (म्हणजे बदनामीकारक) जागी वापरलेला असतो आणि ही गफलत किरकोळ नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उणे करणे असा असल्याने, ज्या शेऱ्यातून समोरच्याला कमी लेखले जाते तो डेरोगेटरी. आमच्या कोथरूडच्या सभेत खजिनदारांना ऐकवलेले ‘यांना हिशेबातलं काय कळतंय!’ हे वाक्य त्याच जातीचे. ‘यांनी दुरुस्ती निधी खाल्ला’ हा मात्र थेट आरोप असून, तेथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचे कलम ४९९) बदनामीचा प्रश्न उद्भवू शकतो. पुणेरी पाटीचा खवचटपणा या दोन्हींत बसत नाही, हे आपले नशीब! ‘अवमानकारक’ आणि ‘बदनामीकारक’ हे शब्द मराठीत असताना बातम्यांत सरसकट ‘आक्षेपार्ह वक्तव्य’ छापले जाते, त्यामुळे नेमके काय बोलले गेले हे वाचकाला कळतच नाही. इतिवृत्तात तरी उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे नोंदवावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे