उभं राहून पेपर लिहू देणाऱ्या बाईंना

बाई, सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हे पत्र चारचौघांतच लिहायचं होतं. आधीच्या शाळेत आमच्या पोराबद्दल जे बोललं गेलं तेही चारचौघांतच. भर पालकसभेत, "घरी कुणी लक्ष देतं का नाही याच्याकडं?"

तिथं वर्गाबाहेर उभं करणं हा रोजचा इलाज. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास द्यायचा नाही, असं शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात २००९ पासून स्वच्छ लिहिलंय. पण व्हरांड्यात तासन्‌तास उभं करणं हा त्रास आहे, हेच तिथं कुणाच्या गावी नव्हतं. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, तर नातेवाइकांनी साखर बंद करायला लावली, दृष्ट काढली, "दोन रट्टे द्या, सरळ येतोय" असंही सुचवलं. साखरेनं एडीएचडी होत नाही आणि रट्ट्यांनी जात नाही. लक्ष धरून ठेवणं, हालचाल आवरणं हे या मुलांच्या मेंदूला इतरांइतकं सहज जमत नाही, आणि बऱ्याचदा ते घराण्यातूनच आलेलं असतं. असो. त्या लोकांवर आणखी शाई घालवत नाही.

मला बोलायचंय ते गणिताच्या घटक चाचणीबद्दल. मला ते शेजारच्या मुलीकडून कळलं, ती त्याच वर्गात आहे. आमच्या पोराला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं!

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि याची चुळबुळ सुरू. पाय हलव, पट्टी वाजव, खोडरबर पाड, ते शोधायला बाकाखाली जा. तुम्ही ओरडला नाहीत. त्याचं पॅड उचललंत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंत आणि "इथं लिही" एवढंच म्हणालात. पुढच्या बाकावरून लगेच तक्रार, "बाई, तो उभा का?" तर तुम्ही म्हणे वहीतून मान वर न करता उत्तर दिलंत, "त्याला उभं राहून सुचतं. तुला बसून सुचतं ना? मग बैस."

संपलं. आजाराचं नाव नाही, 'बिचारा' नाही, भाषण नाही. जे उभं राहणं म्हणजे चार वर्षं शिक्षा होती, तेच तुम्ही त्याची सोय करून टाकलंत. पेपर त्यानं शेवटच्या गणितापर्यंत सोडवला, हे आमच्या घरात पहिल्यांदा घडलं.

बाकी तुम्ही पुष्कळ केलंत. एका वेळी एकच सूचना, मधेच हजेरीपत्रक घेऊन ऑफिसात पिटाळणं. आणि पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं काम! ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, २०१९ च्या पुरात ५७ च्या वर, हे सगळं त्याला तोंडपाठ. आजवर त्या पाठांतराला 'मधे मधे बोलतो' एवढाच शेरा मिळत होता.

हे करा म्हणून तुम्हाला कुणी कागद दिला नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली किंवा गणितातली अडचण, आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. फी भरभक्कम घेणाऱ्या शाळेनं आम्हाला आधी सर्टिफिकेट मागितलं होतं. तुम्ही नुसतं पोराकडं बघितलंत. म्हातारीची पाटी आधी वर घेऊन मग बेल मारणारे एसटीचे कंडक्टर असतात ना, त्यांच्याच पंथातल्या तुम्ही. अशी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं भागतं.

पुढच्या वर्षी सहावीला नवे सर येतील. त्यांच्या कानावर खिडकीची गोष्ट तेवढी घाला, मी सांगितलं तर आईचं कौतुक वाटेल.

आणि गणपतीत घरी या, भडंग करून ठेवते. पोरगं पुराच्या आकड्यांनी तुमचं डोकं उठवेल, तेवढं सोसा.

तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई,
सांगली