शुभे, मोरोकेईचा आवाज तू ऐकलाच नाहीस

सांगली,
रविवार रात्र

प्रिय शुभे,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच हसत सुटतेस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग काय हसायचं ते हस.

घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो तेवढंच. माझंही ठीक.

तर, स्कायरिम गेममधल्या माझ्या जादूगारणीचं, अक्कासाहेबांचं, एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवायचं कौशल्य) काल १०० झालं.

एका वस्तूवर दोन जादू चढवू देणारा एक्स्ट्रा इफेक्टचा पर्क (वाढीव कसब) घेतला आणि विंटरहोल्डच्या कॉलेजातल्या टेबलापाशी गेले. अझुराज स्टार, तो आत्मा साठवायचा खडा, भरलेला होता. समोर कोरा सोन्याचा हार. स्क्रीनवर आकडा आला: डिस्ट्रक्शनच्या, म्हणजे माराच्या, स्पेलना २५ टक्के कमी मॅजिका (जादूची ताकद, स्पेल टाकली की खर्च होणारी). हार, अंगठी, डोक्यावरचं, अंगावरचं. चार वस्तूंवर २५, झाले १००. त्यानंतर वीज, आग, बर्फ, काय हवं ते, कितीही वेळ, फुकट. बोट नुसतं बटणावर टेकवायचं बाकी होतं आणि मी टेबलावरून बाहेर पडले. हार कोराच्या कोरा.

२०१२ च्या मे महिन्यात दादाच्या पीसीसमोर तू मला काय बजावलं होतंस ते आठवतंय? "नीलू, तुझं एन्चांटिंग १०० होऊ दे, तूही तेच करशील. कुणी थांबत नाही." म्हणून हे पत्र तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, हार तर हार, करून टाक की!

आधी तुझी बाजू मांडते, म्हणजे तू चिडून कागद बाजूला ठेवणार नाहीस. स्कायरिमने जादूगारावर अन्याय केलाय, हे मला तेव्हाही मान्य होतं. फायरबोल्टचा मार २५, इन्सिनरेटचा ६०. तुमचं कौशल्य १५ असो की १००, हा आकडा जागचा हलत नाही. स्पेल स्वस्त होत जाते, बस. पर्क घालून घालून दीडपट. त्यात मी मास्टर या अवघड पातळीवर खेळते, म्हणजे आपला मार निम्मा आणि समोरच्याचा दुप्पट. इन्सिनरेटचे ६० पर्कने ९० होतात आणि ड्राउगरला, त्या थडग्यातल्या मढ्याला, लागतात ४५. तिकडे बंड्याचा दांडगोबा लोहारकाम वाढवतो, तीच तलवार धार लावून घेतो आणि दर दहा लेव्हलला दुप्पट माजतो. तलवारीला धार लावता येते, मंत्राला येत नाही. मग जादूगाराने काय करायचं? एन्चांटिंग करायचं, खर्च शून्यावर आणायचा, दोन्ही हातांत एकच स्पेल धरायची आणि इम्पॅक्ट पर्कच्या जोरावर समोरच्याला उठूच द्यायचं नाही. दुहेरी स्पेलचा मार २.२ पट आणि खर्च २.८ पट, पण शून्याच्या २.८ पट शून्यच. हिशेब तुझा पक्का होता गं. तुझ्या त्या जादूगारणीपुढे, 'मॅडम'पुढे, ड्रॅगनसुद्धा झोकांड्या खायचा.

(फक्त एक अजून पटलेलं नाही. मॅडमसाठी हाय एल्फ जात घेतलीस ती ५० जास्तीची मॅजिका मिळते म्हणून. आणि मग खर्च शून्यावर आणलास. जिला मॅजिका लागतच नाही तिला ती ५० कशाला? माझी ब्रेटन बरी होती. जादूचा मार २५ टक्के कमी लागतो, तो काय पोशाख चढवला म्हणून वाया जात नाही. पण तुला ती उंच, पिवळी, नाक वर करून चालणारीच हवी होती. तुझ्या वर्गातल्या त्या केळकर बाईंसारखी.)

आता माझं ऐक. परवा मी लॅबिरिन्थियनच्या त्या जुन्या भग्न तळघरांत जाऊन आले.

तो भाग तुलाही पाठ असेल, पण मॅडमबरोबरचा. कॉलेजचा प्रमुख, आर्चमेज सावोस आरेन गेला, त्याच्या हाताखालच्या मिराबेलने दार उघडायचं कडं हातात दिलं, आणि मी थंडीत त्या दारापाशी पोचले. दारात त्या सहा जणांच्या सावल्या दिसतात, तरुण सावोस आणि त्याचे पाच सोबती. सगळे शिकाऊ, सगळ्यांना घाई. पुढे जावं तसतसा एकेक कमी होत जातो. पहिल्या मोठ्या दालनातला हाडांचा ड्रॅगन मी कसाबसा आटोपला, खांबाआड पळत, थांबत, मॅजिका भरायची वाट बघत. आणि मग तो आवाज आला. ड्रॅगनांच्या भाषेतला, खोल. शब्द कळत नाहीत. पण खाली डावीकडची निळी पट्टी बघता बघता रिकामी झाली. अगदी तळाला. हातात धरलेली आग विझली.

शुभे, तू तेव्हा मला म्हणाली होतीस, "आवाज होता खरा, कुणीतरी काहीतरी बडबडत होतं." तुला त्याने काहीच केलं नव्हतं. करणार कसं? तो मोरोकेई, तिथला ड्रॅगन प्रीस्ट (ड्रॅगनांचा मेलेला पुजारी), तुमची मॅजिका ओढून घेतो, आणि मॅडमला मॅजिका नसली तरी चालत होतं. अख्ख्या खेळात जादूगाराला जादूगार म्हणून घाबरवणारी ही एक जागा, आणि तिथून तू बोलत बोलत निघून गेलीस.

मी तिथं रिकाम्या हातांनी उभी होते. ड्राउगर उठले की मागे पळायचं, वळणाआड पट्टी थोडी भरू द्यायची, दोन फायरबोल्ट टाकायचे, की परत आवाज. आतच इक्विलिब्रिअमचं पुस्तक मिळालं. तुझ्या लेखी ती बावळट स्पेल, सेकंदाला स्वतःचे २५ प्राण जाळून तेवढी मॅजिका मिळवायची. मी ती तिथंच शिकले. एका हातात इक्विलिब्रिअम, दुसऱ्या हातात हीलिंग. एकीकडून रक्त द्यायचं, दुसरीकडून भरून घ्यायचं, आणि मधल्या फटीत जे उरेल त्यावर लढायचं. ओजस शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आत्या, तू मरतेयस." मी म्हटलं, नाही रे, हिशेब चाललाय.

शेवटच्या दालनात मोरोकेई त्या जादूच्या कोंडाळ्यात अधांतरी. दोन्ही बाजूंना उंचावर दोघं उभे, हातांतून झोत धरून. अत्माह आणि हाफनर. सावोसने स्वतः निसटायला आपल्या या दोन सोबत्यांना बांधून ठेवलं आणि परत जाऊन आर्चमेज झाला. इतकी वर्षं ते तिथं तसेच. मोरोकेईला गाठायचं तर आधी त्यांना मारावं लागतं. मी किती वेळ माऊस धरून नुसती बसले होते. त्या क्षणी तुझी फार आठवण आली. का ते तुला कळेल. नमूच्या लग्नाच्या वेळचं ते सगळं आता मिटलंय, मी उकरून काढत नाही. पण आठवण आली.

असो. दोघांना मारलं. कोंडाळं फुटलं आणि मोरोकेई विजा टाकायला लागला. वीज प्राणांबरोबर मॅजिकाही खाते, हातातली ती मॅग्नसची काठीही ओढून घेते. माझी पट्टी तळाला. आणि तेव्हा, शुभे, मी ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता ते केलं. ब्रेटनची ड्रॅगनस्किन, दिवसातून एकदा, ६० सेकंद. तिचं शोषण, म्हणजे अंगावर आलेली स्पेल गिळून मॅजिका भरून घेणं, ५०. ॲट्रोनाक स्टोनचं ५०. ऑल्टरेशन १०० करून घेतलेल्या पर्कचे ३०. कर बेरीज! त्याची वीज अक्कासाहेबांच्या अंगावर आदळली आणि निळी पट्टी भरली. दुसरी आदळली, आणखी भरली. ज्याने मला तळघरभर रिकामं केलं, त्यानेच मला शिगोशीग भरलं, आणि ते सगळं इन्सिनरेट होऊन त्याच्याच अंगावर गेलं. मी खुर्चीतून उठून ओरडले. आई देवघरातून धावत आली.

त्या ऑल्टरेशनसाठी मी व्हाइटरनच्या बाजारात डिटेक्ट लाइफ लावून येरझाऱ्या घालत होते तेव्हा तू मला भाजीवाली म्हणायचीस. ॲट्रोनाक स्टोनवर तर तू काय काय बोललीस! मॅजिका निम्म्या वेगाने भरते, स्वतःच बोलावलेलं भूत स्वतःच गिळून टाकते, असला दगड कोण घेतं? सगळं खरं आहे. माझे फ्लेम ॲट्रोनाक कितीदा हवेत विरलेत! पण ज्या जादूगाराची मॅजिका संपते त्यालाच त्या दगडाचा उपयोग. मॅडमला तो दगड म्हणजे नुसता दगड.

आता खरी काळजी. ते टेबल तिथंच आहे. हार माझ्या पेटीत आहे. उद्या ना परवा एखाद्या ड्रॅगन प्रीस्टपुढे मी जेरीला येईन आणि जाऊन चारही वस्तू करून टाकीन, ही भीती मला वाटते. एकदा चढवलेला एन्चांट उतरवता येत नाही. तू म्हणशील, करून पेटीत ठेव, घालू नकोस. घरात श्रीखंड आणून ठेव आणि खाऊ नकोस, त्यातलं हे. मी घालणारच. आणि घातले की मोरोकेईचा मुखवटा कवडीमोल, कारण मॅजिका दुप्पट वेगाने भरली काय नि न भरली काय. उद्या कॉलेजवर उलटलेल्या अँकानोचा निकाल लागला की आर्चमेजचा झगा मिळेल, तोही खुंटीला, कारण अंगावरची जागा चारांपैकी एक. तू आर्चमेज झालीस आणि झगा एकदाही घातला नाहीस! तेव्हा मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते आणि तुला वाटत होतं मी चकलीवरून रुसलेय. चकलीवरून नव्हते रुसले. एवढं कॉलेज, तो पूल, फराल्डाची परीक्षा, टोल्फदिरचे वर्ग, सावोस, मिराबेल, आणि सगळ्यांच्या शेवटी मिळालेला झगा तू पाहून 'आकडा कमी आहे' म्हणून टाकून दिलास.

मला ती शक्ती वाटतच नाही. हातात किती उरलंय ते बघत पुढचं पाऊल टाकायचं, कोणती स्पेल आत्ता आणि कोणती राखून, हे ठरवायचं, त्यासाठीच मी जादूगार घेते. नाहीतर मी बंड्यासारखी कुऱ्हाडच घेतली असती.

पण नुसता हट्टही धरायचा नाहीये. म्हणून तुला विचारते. झगा घालायचा हे पक्कं. त्याने सगळ्याच स्पेल १५ टक्के स्वस्त होतात. वर अंगठी आणि हार, दोन्हीवर डिस्ट्रक्शन २५-२५. म्हणजे ६५. उरलेले ३५ मी भरीन, आनंदाने. मोरोकेई ओरडला तर मला ऐकू येईल. प्रश्न दुसऱ्या इफेक्टचा. नुसती मॅजिका वाढवू, की इल्युजन, ती समोरच्याचं मन फिरवायची जादू, स्वस्त करू? माझं मन इल्युजनकडे आहे. क्वाएट कास्टिंग आहेच, मास्टर ऑफ द माइंडही घेतलाय, ड्राउगरसुद्धा आता एकमेकांवर सोडता येतात. पण इल्युजन तुझा प्रांत. २०१३ च्या त्या पॅचनंतर लेजंडरी करून, म्हणजे कौशल्य मुद्दाम खाली आणून, तू ते परत १५ पासून चढवलं होतंस. तेव्हा सांग.

आत्मे गोळा करायची चिंता नाही, मॅमथ भरपूर आहेत. स्टार मी अझुरालाच परत दिला होता, तुझ्यासारखा नेलाकारला देऊन काळा नाही करून घेतला. परवा त्या माळावर गेले तेव्हा राक्षस दिसला आणि मॅडमचं विमानोड्डाण आठवलं. एका सोट्यात ढगात! आणि तू खुर्चीत वर बघत, "अगं येईल, येईल खाली." दादा तर गादीवर लोळला होता.

तुझं काय? ऑस्लोच्या नव्या घराचं काकूंकडून कळलं, फोटो पाठव. भाषेची परीक्षा झाली का? पास झालीच असशील. ओवीचे दात आले का ते लिही. मिलिंदना नमस्कार. लोणचं पाठवते, पण यंदा कस्टममध्ये काय म्हणतात ते आधी विचारून ठेव.

उत्तर लवकर दे. तोवर मी अँकानोकडे जात नाही.

तुझी,
नीलू

ता. क. बंड्याला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच कन्सोल उघडून सगळं एका ओळीत करून दे म्हणेल. आणि दादाला विचार, त्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क कुठं ठेवलीय. मॅडमची सेव्ह अजून चालत असेल तर मला तिला झगा घालून बघायचाय.