सील बदलण्याआधी इंजिन धुऊन पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: गाडीखाली ऑइलचा डाग पडतोय. मिस्त्री वाकून बघतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला थेंब लोंबताना दिसतो आणि ‘क्रँकचं मागचं सील गेलं’ (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी कडी) असा निकाल लागतो. गिअरबॉक्स उतरतो, क्लच निघतो, मोठी मजुरी लागते आणि आठ दिवसांत डाग पुन्हा हजर. सील शाबूत होतं, ऑइल वरून येत होतं. गाडीमालकांची ही फसगत टाळता येते, म्हणून हे पत्र.

ऑइल जिथून सुटतं तिथे ते थेंब होऊन पडत नाही. ते इंजिनच्या अंगावरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल म्हणूनच थेट बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरच्या क्लचच्या कवचावर, येऊन थांबतं. त्यात आपल्याकडची धूळ. ओल्या जागेवर ती बसत जाते आणि बोटभर जाडीचा काळा थर तयार होतो. त्या थराखालचं मूळ नुसत्या नजरेने कोणालाच सांगता येत नाही.

आधी हे ऑइल इंजिनचंच आहे का, ते बघा. रात्री गाडीखाली पांढरट पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते कळेल आणि रंगही दिसेल. तपकिरी किंवा काळं असेल तर बहुधा इंजिन ऑइल. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे संशय जातो. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हा वास ओळखणं फार महत्त्वाचं, कारण बेल हाउसिंगमधून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याच्या) सीलचं ऑइलही गळतं आणि त्याचा दोष क्रँक सीलच्या माथी मारला जातो. उन्हाळ्यात एसीचं स्वच्छ पाणी टपकतं, ती गळती नव्हे.

इंजिन ऑइलच असेल तर इंजिन धुवावंच लागतं. इंजिन पूर्ण थंड हवं. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. डिग्रीझर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा आणि हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंपाची धार नको, पाणी वायरिंगच्या जोडांत घुसतं. पेट्रोलने तर कधीच धुऊ नका, आग लागते. हे काळं पाणी गटारात सोडू नका. डबा किंवा घमेलं खाली ठेवून गोळा करा.

इंजिन वाळल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, पट्टे आणि अल्टरनेटर सोडून. दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालवून टॉर्चने बघा. काही दिसलं नाही तर होटगी रोडने किंवा विजापूर रोडने दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, कारण काही गळत्या ऑइल तापून दाब आल्यावरच उघड होतात. पांढऱ्या पावडरीत काळसर ओघळ उमटतो. त्या ओघळाचं सर्वांत वरचं टोक धरा. खालची ओल विसरा. एवढ्यानेही सापडलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात तो घालायचा, गाडी थोडी चालवायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते.

बघताना वरून खाली या. फिलर कॅपचं (ऑइल भरायच्या झाकणाचं) रबर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पेट्रोल गाडीत प्लगच्या खड्ड्यातली सीलं. खड्ड्यात ऑइल साचलं की मिसफायर होतो आणि भलत्याच कॉइल बदलल्या जातात. नंतर कॅम सील आणि टायमिंग कव्हर. टर्बो डिझेल असेल तर टर्बोला ऑइल नेणारा आणि परत आणणारा पाइपही तपासा.

ऑइल प्रेशर स्विच मात्र जवळून बघा. अंगठ्याएवढा हा भाग बहुतेक वेळा ब्लॉकला किंवा फिल्टरच्या जवळ असतो. त्याचा वायरचा कनेक्टर काढा आणि आत कापूस फिरवा. कापूस काळा झाला तर स्विच आतून फुटलाय आणि दाबाखालचं ऑइल त्यातून बाहेर येतंय. काही शे रुपयांच्या या भागाची गळती खाली उतरून हुबेहूब क्रँक सीलसारखी दिसते.

पुलीमागचं पुढचं क्रँक सील गेलं असेल तर ऑइल गोल फेकलं जातं, पट्ट्यावर आणि बाजूच्या अंगावर शिंतोडे दिसतात. टायमिंग बेल्ट ऑइलने भिजला असेल तर सीलसोबत तोही बदला, रबर फुगतं आणि बेल्ट अचानक तुटतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं का, ते हात लावून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की काही किलोमीटरांत सगळं ऑइल बाहेर. चेंबरच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) ऑइल सोडायच्या नटाचं वॉशर दरवेळी नवं हवं. नट जीव लावून आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रीदरकडे. पिस्टनच्या बाजूने गळून आलेले वायू इंजिनच्या पोटात साचू नयेत म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह (हे वायू बाहेर काढणारी झडप) आणि त्याची नळी असते, तोच हा ब्रीदर. ती गाळाने तुंबली की पोटात दाब वाढतो आणि जी जागा कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसली तर आधी इथेच बघा. पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवून फिलर कॅप काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. तो उडाला, धुराचे फुत्कार आले, तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अशा गाडीत नवं सील घातलं तरी ते टिकत नाही. डिपस्टिकही बघा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलेलं ऑइलही त्रास देतं.

दुरुस्तीत घाई बाधते. टॅपेट कव्हरचे बोल्ट छोटे असतात, बहुतेक गाड्यांत आठ-दहा न्यूटन मीटर पुरतात. गळतंय म्हणून आणखी आवळले की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सिलिकॉन दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक धारेत, तेही कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर आणि जिथे कंपनीने सांगितलंय तिथेच. जादा सिलिकॉन आत तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. गळती थांबवण्याची बाटलीतली औषधं कडक झालेलं रबर थोडे दिवस मऊ करतात, फाटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. स्टँड लावा, चाकाला दगड द्या. एक्झॉस्टवर ऑइल पडून धूर येत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करा. पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ म्हणण्यात इंजिन जातं.

गाडीमालकांना विनंती अशी की, गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी धुतलेलं इंजिन आणि ओघळाचं वरचं टोक स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गॅरेजवाल्या बंधूंनीही धुण्याची आणि तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी, ते कष्ट फुकटचे नाहीत. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरांनी रात्री पुन्हा पुठ्ठा टाका. काढलेलं जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजलाच परत द्या. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं.

आपला विश्वासू,
एक मोटार मेकॅनिक, अक्कलकोट रोड, सोलापूर